मुलांच्या हातातलं व्हायोलिन : वसई, गोवा आणि एका दुर्लक्षित नोकरीचा इतिहास



आजचा विषय वाचून काहींच्या मनात आलं असेल, की इतिहासाच्या व्याख्यानमालेत हे व्हायोलिन कुठून शिरलं? वसईचा इतिहास म्हटला की आपल्याला किल्ला आठवतो, चिमाजी अप्पा आठवतात, पोर्तुगीज आठवतात. आणि संगीताचा इतिहास म्हटला की मैफली, घराणी, मोठे कलावंत. आज आपण या दोन्हींच्या मधल्या एका माणसाबद्दल बोलणार आहोत. हा माणूस सहा-सात वर्षांच्या मुलांच्या हातात व्हायोलिन देतो, त्यांची बोटं तारांवर नीट बसवतो, आणि यातच त्याचं आयुष्य जातं. त्याचं नाव सहसा कुठं छापून येत नाही. मैफलीची जाहिरात निघते, बिगरीच्या वर्गाची कोण काढतो? पण आमचं म्हणणं असं आहे, की कोकण किनाऱ्यावरचा व्हायोलिनचा इतिहास हा मुळात याच माणसाचा इतिहास आहे. जिथं त्याच्या पोटापाण्याची सोय झाली तिथं हे वाद्य रुजलं, जिथं ती सोय मोडली तिथून ते गेलं. वसई आणि गोवा शेजारी ठेवून पाहिलं की हे स्पष्ट दिसतं.

आधी वाद्याचं वय बघू. आज आपण ज्याला व्हायोलिन म्हणतो ते चार तारांचं वाद्य सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर इटलीत घडत होतं. क्रेमोना गावच्या आंद्रेआ आमाती या कारागिराचं नाव त्यात पहिलं घेतलं जातं. त्याच सुमारास, डिसेंबर १५३४ मध्ये, गुजरातच्या सुलतान बहादूरशहानं तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. म्हणजे व्हायोलिन आणि पोर्तुगीज वसई जवळपास एका वयाचे. तेव्हा गलबतातून उतरणाऱ्या पहिल्या शिपायांच्या हातात आजचं व्हायोलिन होतं असं कुणी समजू नये. त्या काळी गजानं वाजवायची बरीच वाद्यं युरोपात होती आणि व्हायोलिननं हळूहळू त्यांची जागा घेतली. पोर्तुगीजात या वाद्याला ‘राबेका’ म्हणत. त्यावरूनच गोव्याच्या कोंकणीत ‘रेबेक’ आलं.

आता शिकवण्याकडे येऊ. वसईत जेझुइटांचं कॉलेज होतं, त्यांच्या चर्चची भव्य दर्शनी भिंत आजही किल्ल्यात उभी आहे. फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन यांचेही मठ होते. या मठांबरोबर मुलांच्या शाळा असत आणि त्या शाळांत वाचन, लेखन, धर्मशिक्षण यांच्या जोडीला गाणं असे. गाणं हौस म्हणून शिकवत नसत. चर्चची उपासना गाऊन व्हायची, तेव्हा गाणारी मुलं हवीतच. धर्मोपदेशाचे पाठही मुलांकडून चालीवर म्हणून घेत. आपले संत गोन्सालो गार्सिया याच वातावरणातले. त्यांचा जन्म १५५७ च्या सुमाराचा, वसईतला. लहानपणी ते इथल्या जेझुइटांकडे शिकले, पुढे जपानला गेले, आणि १५९७ मध्ये नागासाकीला त्यांना क्रुसावर मारण्यात आलं. आपल्या वसईतल्या कॉलेजला त्यांचं नाव आहे. वसईच्या शाळेत घडलेला मुलगा जपानपर्यंत पोचला, हे लक्षात ठेवा. आपल्याला आज थोड्या वेळानं जपानला जायचं आहे.

मग १७३९ साल आलं. मे महिन्यात किल्ला पडला, तह झाला, पोर्तुगीज बाहेर पडले. लढाईचा इतिहास आपण इथं अनेकदा ऐकला आहे, तो पुन्हा सांगत नाही. आपल्या विषयापुरतं महत्त्वाचं एवढंच, की मठ बंद झाले, मठांच्या शाळा बंद झाल्या, आणि या शाळा ज्यावर चालत ते गावांचं, वाड्यांचं, माडांच्या बागांचं उत्पन्न थांबलं. खेड्यांतले ख्रिस्ती लोक मात्र राहिले. त्यांची चर्च राहिली, उपासना राहिली. पण मुलांना रोज बसवून सूर शिकवणारा पगारी माणूस? त्याची जागाच उरली नाही.

इथं आपल्याला सर्वांना ठाऊक असलेली एक गोष्ट आठवते, ती म्हणजे वसईच्या घंटा. विजयानंतर चर्चच्या घंटा मराठी मुलखात गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा घ्या, तिच्यावर १७२१ हे साल आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावरची घंटा घ्या, भीमाशंकरची घ्या. आजही त्या वाजतात आणि चांगल्या वाजतात. का? कारण घंटा ही वस्तू आहे. ती बैलगाडीत घाला, घाट चढवा, दुसऱ्या देवळात टांगा. ज्याचा हात पडेल त्याच्या हातून ती वाजेल. व्हायोलिनचं तसं नाही. वाद्य उचलून नेता येईल, वाजवणं नेता येत नाही. पेटीला पट्ट्या असतात, सतारीला पडदे असतात, व्हायोलिनच्या मानेवर काहीच खूण नसते. सूर कुठं आहे हे बोटानं आणि कानानं शोधायचं, आणि ते शोधायला कुणीतरी रोज समोर बसून शिकवावं लागतं. पुढं गंमत बघा. व्हायोलिनचे थोर वादक पंडित व्ही. जी. जोग १९२२ मध्ये जन्मले ते वाईला, म्हणजे त्या मेणवलीच्या घंटेपासून हाकेच्या अंतरावर. पण त्यांच्यापर्यंत व्हायोलिन वसईहून आलं नाही. ते आलं हिंदुस्तानी संगीताच्या वाटेनं. त्याआधी दक्षिणेत बालुस्वामी दीक्षितर वगैरे मंडळींनी १८०० च्या आसपास हे वाद्य मद्रासेत युरोपियन वादकांकडून उचललं होतं आणि आपल्या रागांना जुळवून घेतलं होतं. वसईची घंटा वाईला पोचली, वसईचं शिक्षण पोचलं नाही.

आता कुणी म्हणेल, यात काय नवल? राज्य गेलं की राज्याबरोबर आलेली कला जायचीच. गोव्यात पोर्तुगीज १९६१ पर्यंत राहिले म्हणून तिथं व्हायोलिन राहिलं. हे वरवर बरोबर दिसतं, पण पुरतं बरोबर नाही. गोव्यातही मठ टिकले नाहीत. जेझुइटांना १७५९ मध्ये खुद्द पोर्तुगीज सरकारनंच हाकललं आणि १८३५ मध्ये उरलेले सगळे संघ बंद केले. म्हणजे ज्यांनी संगीत आणलं ते गोव्यातूनही गेले. तरी व्हायोलिन राहिलं! असं का झालं?

याचं उत्तर गावात आहे. गोव्यात चर्चच्या शाळेतला जो संगीतशिक्षक, ज्याला ‘मेस्त्रे’ म्हणत, तो गावाचा नोकर होता. त्याचा खर्च गावची कोमुनिदाद म्हणजे जमिनीची सामाईक मालकी असलेली संस्था, आणि चर्चची कोंफ्रारी म्हणजे बंधुमंडळ, यांच्या उत्पन्नातून निघे. पाद्री बदलो, संघ जावो, लिस्बनला राजा असो की प्रजासत्ताक येवो, गावाला रविवारी गाणारी मुलं लागत आणि सणाला वाजवणारे हात लागत. म्हणून मेस्त्रेची जागा भरली जाई. वसईत हीच नोकरी मठाच्या खात्यावर होती, गोव्यात ती गावाच्या खात्यावर गेली. आमच्या मते दोन्हीकडच्या इतिहासातला खरा फरक इथं आहे.

हा मेस्त्रे काय करायचा ते बघा, कारण त्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. मूल आलं की त्याला लगेच वाद्य मिळत नसे. आधी ‘सोल्फेजो’, म्हणजे समोरच्या कागदावरची स्वरलिपी बघून दो-रे-मी गायचं आणि हातानं ताल धरायचा. हे कितीतरी महिने चाले. ते पक्कं झालं की मग व्हायोलिन. त्यामुळे गावातल्या शेतकऱ्याच्या, माडकऱ्याच्या पोरालाही कागदावरचं संगीत वाचता येई. ही फार मोठी गोष्ट होती. मुंबईत मूकपटांची थिएटरं, हॉटेलं, संस्थानिकांचे बँड आणि पुढे बोलपटांचे स्टुडिओ उभे राहिले, तेव्हा समोर कागद ठेवला की वाजवणारे लोक लागले. ते कुठून आले? गोव्यातल्या खेड्यांतून आले. गावच्या मेस्त्रेनं सणासाठी तयार केलेल्या पोरांवर मुंबईचा सिनेमा वाजला.

यातलं एक नाव घेऊ. अँथनी गोन्साल्विस. जन्म १९२७, दक्षिण गोव्यातलं माजोर्डा गाव. वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख, आणि पहिले गुरू तेच. हा मुलगा सोळाव्या वर्षी, १९४३ मध्ये मुंबईत आला आणि नौशाद यांच्याकडे वाजवू लागला. पुढं व्हायोलिनवादक आणि संगीत-संयोजक म्हणून त्यांनी चित्रपटांत पुष्कळ काम केलं. १९५८ मध्ये सेंट झेविअर्स कॉलेजच्या आवारात शंभराहून अधिक वादकांचा ताफा घेऊन त्यांनी भारतीय रागांवरच्या स्वतःच्या रचना सादर केल्या. त्यात गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. पण आपल्या विषयाला महत्त्वाचं आहे ते त्यांचं वांद्र्याचं घर. तिथं ते मुलांना व्हायोलिन शिकवत. ट्रम्पेटवादक पंडित रामप्रसाद शर्मा यांनी आपला मुलगा तिथं धाडला. मुलाचं वय आठ. तो मुलगा म्हणजे प्यारेलाल, लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतला. राहुलदेव बर्मन यांचंही नाव गोन्साल्विसांच्या विद्यार्थ्यांत घेतलं जातं.

१९७७ मध्ये ‘अमर अकबर अँथनी’ आला. त्यातलं अंड्यातून बाहेर पडणाऱ्या अमिताभचं गाणं कोण विसरेल? त्या गाण्यात जे पूर्ण नाव येतं ते याच शिक्षकाचं. शिष्यानं गुरूला वाहिलेली ती दक्षिणा होती. गंमत आणि खेद दोन्ही एकाच ठिकाणी आहेत. देशभर पोराटोरांच्या तोंडी ते नाव झालं, पण ते एका व्हायोलिनच्या मास्तरचं नाव आहे हे फारच थोड्यांना कळलं. खुद्द मास्तर तोवर स्टुडिओतून दूर झाले होते. १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेला सिरॅक्यूज विद्यापीठात शिकायला गेले, आणि परतल्यावर सिनेमात न रमता माजोर्ड्याला राहिले. २०१२ मध्ये ते वारले.

मुंबईचंच आणखी एक उदाहरण. मेहली मेहता, जन्म १९०८. त्यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला, घरी शिकवण्या केल्या. अशा घरात वाढलेला मुलगा म्हणजे झुबिन मेहता. पण मेहलींसारख्या माणसाला पूर्णवेळ शिकवता येईल अशी जागा या शहरात नव्हती. ते आधी इंग्लंडला, मग अमेरिकेला गेले. लॉस एंजेलिसला त्यांनी १९६४ मध्ये तरुण वादकांचा अमेरिकन यूथ सिंफनी हा वाद्यवृंद उभा केला आणि तीन दशकांहून अधिक काळ चालवला. म्हणजे आपल्याकडचा शिक्षक तिकडच्या मुलांना मिळाला. त्यांच्या नावाची संस्था मुंबईत १९९५ मध्ये निघाली आणि ती मुलांना शिकवते, ही समाधानाची गोष्ट. पण मधल्या चाळीस वर्षांचा हिशेब कुणी द्यायचा?

आता म्हटल्याप्रमाणे जपानला जाऊ. शिनिची सुझुकी, जन्म १८९८, नागोयाचे. वडिलांचा व्हायोलिनचा कारखाना, आणि तरी मुलाच्या हातात वाद्य आलं ते सतराव्या वर्षी. १९२० च्या दशकात बर्लिनला शिकले, परत येऊन वाजवू-शिकवू लागले. १९३० नंतर एका गृहस्थानं आपला चार वर्षांचा मुलगा त्यांच्याकडे आणला. एवढ्या लहानाला शिकवायचं कसं? सुझुकी विचार करत राहिले, आणि त्यांच्या लक्षात एक साधी गोष्ट आली : जपानमधलं प्रत्येक मूल जपानी बोलतं. भाषा काही सोपी नाही, पण ती न येणारं मूल नाही. कारण मूल आधी ऐकतं, आई तेच तेच बोलते, कुणी परीक्षा घेत नाही आणि चुकलं तरी कुणी ‘तुला भाषेचं अंग नाही’ म्हणत नाही. मग व्हायोलिन तसंच का शिकवू नये? युद्धानंतर, १९४६ मध्ये, मात्सुमोतो गावी बोलावून त्यांना शाळा दिली गेली. आधी महिनोन्‌महिने ऐकवायचं. आधी आईनं किंवा वडिलांनी थोडं वाजवायला शिकायचं, म्हणजे मूल आपणहून मागतं. वाचन मागाहून. १९५५ मध्ये टोकियोत सुमारे बाराशे मुलांनी एकत्र व्हायोलिन वाजवलं. पुढे ही पद्धत जगभर गेली. यातून कलावंतच घडले पाहिजेत असा त्यांचा आग्रह नव्हता. चांगलं माणूस घडावं, एवढंच ते म्हणत.

मेस्त्रे आणि सुझुकी यांची पद्धत उलटसुलट आहे हे तुमच्या ध्यानात आलं असेल. मेस्त्रे आधी वाचायला लावतो, सुझुकी आधी ऐकायला. आपल्या गुरुकुलातही आधी ऐकणंच असतं. पण आम्हाला दोघांतलं साम्य जास्त मोलाचं वाटतं. मूल निवड करायच्या वयाचं होण्याआधीच दोघंही सुरुवात करतात. दोघंही हुशार मुलं वेचून घेत नाहीत, आलं ते मूल घेतात. आणि दोघांच्या पाठीशी गाव किंवा शाळा उभी आहे.

पाठीशी कुणी असावं लागतं याचं एक अगदी व्यवहारी कारण सांगतो. लहान मुलाला मोठ्या माणसाचं व्हायोलिन चालत नाही, हात पोचत नाही. म्हणून एक-षोडशांश, एक-अष्टमांश, पाव, अर्धं, पाऊण अशा मापांची वाद्यं असतात. चार-पाच वर्षांचं मूल बाराव्या-तेराव्या वर्षी पूर्ण मापाला येईपर्यंत चार-पाच वाद्यं बदलतं. एका घरानं हे करायचं म्हणजे खर्चच खर्च. संस्थेनं केलं तर तेच पाव मापाचं वाद्य एका पोराकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जातं. त्यात आपली हवा! पावसाळ्यात लाकडी खुंट्या फुगून बसतात, सरसानं चिकटवलेले सांधे उकलतात. दुरुस्ती करणारा जवळ हवा. म्हणजे एक शिक्षक, वाद्यांचा एक सामाईक साठा, आणि दुरुस्तीची सोय. यातलं काहीही एकट्या हौशी पालकाच्या आवाक्यातलं नाही. म्हणून आज आपल्याकडे क्लासच्या पाटीवर कीबोर्ड आधी दिसतो. त्यात मुलांचा दोष नाही. कीबोर्डला सूर तयार मिळतो आणि एकच वाद्य वर्षानुवर्षं पुरतं.

गोव्याचाही शेवट गोड म्हणता येणार नाही. १९६१ नंतर शिक्षण सरकारी आणि खाजगी शाळांकडे गेलं, कोमुनिदादींचं उत्पन्न आटलं, चर्चच्या शाळा गावागणिक ओस पडल्या. पण तिथं वेळेवर दुसरी जागा तयार झाली होती. व्हायोलिनवादक आंतोनियो द फिगेरेदो यांनी १९५२ मध्ये काढलेली संगीतशाळा पुढे कला अकादमीचा पाश्चात्त्य संगीत विभाग झाली. अलीकडे, २००९ मध्ये, व्हायोलिनवादक डॉ. लुईस डायस यांनी पणजीला ‘चाइल्ड्स प्ले’ ही संस्था सुरू केली. वंचित घरांतल्या मुलांना तिथं तंतुवाद्यं शिकवतात. म्हणजे मेस्त्रेचीच नोकरी, नव्या खात्यावर.

आणि वसई? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६० च्या दशकापासून, उपासना लॅटिनमधून मराठीत आली. गायकवृंदात पेटी आली, तबला आला, मराठी भक्तिगीतं आली. हे मोठंच धन आहे, आपली भाषा देवळात आली. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसणारी मुलं इथंही आहेत, आणि त्या परीक्षांत व्हायोलिन आहे. पाश्चात्त्य पद्धतीच्या परीक्षा देणारी मुलंही आहेत. म्हणजे आवड आहे, मुलं आहेत, पालक आहेत. नाही ती एक जागा, जिथं एखाद्या वादकाला सांगता येईल : बाबा रे, तू फक्त लहान मुलांना शिकव, तुझ्या घरची काळजी करू नकोस.

म्हणून शेवटी दोन गोष्टी सुचवतो. पहिली इतिहासाची. अशा शिक्षकांची नावं मैफलीच्या जाहिरातीत सापडणार नाहीत. ती सापडतील चर्चच्या जमाखर्चाच्या वह्यांत, शाळांच्या हजेरीपटांत, जुन्या लग्नांच्या फोटोंत, घरातल्या ट्रंकेत पडलेल्या स्वरलिपीच्या कागदांत. आपापल्या गावात, नंदाखाल असो, पापडी असो, आगाशी असो, आज जे आजी-आजोबा ऐंशीच्या पुढे आहेत त्यांना एवढंच विचारा : तुम्हाला लहानपणी गाणं-वाजवणं कुणी शिकवलं, आणि त्यांना पैसे कोण देत असे? दुसरा प्रश्न विसरू नका. पहिल्यातून नाव मिळेल, दुसऱ्यातून इतिहास मिळेल.

दुसरी गोष्ट आजची. एखादी शाळा, एखादी पतपेढी, एखादं मंडळ, एखादी धर्मसंस्था यांनी मिळून एका शिक्षकाचा पगार आणि डझनभर लहान व्हायोलिनं एवढंच उचललं, तर दहा वर्षांत या तालुक्यात काय होईल ते बघा. घंटा टांगायला एक दिवस पुरतो, मुलाच्या हातात सूर यायला पाच-सात वर्षं लागतात. तेवढी वर्षं शिकवणारा टिकला पाहिजे. १७३९ मध्ये वसईनं काय गमावलं याची यादी आपण नेहमी करतो. तिच्यात या नोकरीचंही नाव घालू या, आणि जमलं तर ती पुन्हा भरू या.